साठ लाख बेवारस

पॅरिसच्या दक्षिण भागात दांफेर-रोशरो नावाचा चौक आहे. तिथल्या एका दारातून 131 पायऱ्या उतरून वीस मीटर खाली गेलं की दगडाच्या जुन्या खाणींचे बोळ लागतात. बरंच चालल्यावर एक दगडी चौकट येते, तिच्यावर फ्रेंचमध्ये कोरलंय, ‘थांब! हे मृत्यूचं साम्राज्य आहे.’ चौकटीपलीकडे सुमारे साठ लाख माणसांची हाडं रचून ठेवली आहेत. तिकीट तीस युरोच्या घरात जातं आणि वर्षाकाठी पाच लाखांवर लोक ते काढतात. त्यांत मराठी माणसंही असतात. आयफेल टॉवर, लूव्र, सेन नदीतली बोट, आणि एखादा दिवस हाताशी उरला तर ‘ते हाडांचं भुयार’, असा बेत हल्ली पुण्या-ठाण्याच्या घरांत बसून ठरतो.

ही जागा बंद करा असं मी म्हणणार नाही. ती उघडी राहावी, पण कबरस्तान म्हणून उघडी राहावी. आत फोटो काढायला पूर्ण मनाई हवी, ती कोणालाही कसल्याही कार्यक्रमासाठी भाड्याने देता कामा नये, आणि एका वेळी आत सोडायच्या माणसांची संख्या आजच्या निम्म्यावर आणायला हवी. यातलं काहीच अवघड नाही. तरी ते होत नाही, त्याचं कारण मला एकच दिसतं : त्या साठ लाखांच्या वतीने भांडायला कोणी उभं नाही.

हाडं तिथे आली कशी हे नीट सांगायला हवं.

शहराच्या मध्यभागी, ले आलच्या बाजारपेठेला लागून, सेंत-इनोसाँ नावाचं कबरस्तान होतं. कित्येक शतकं आसपासच्या वस्त्यांतली माणसं तिथेच पुरली जात. पैसेवाल्यांना चर्चच्या आत जागा मिळे. बाकीच्यांसाठी मोठाले खड्डे असत. एकेका खड्ड्यात शेकड्यांनी, कधी हजाराहून जास्त प्रेतं थरावर थर ठेवायची, खड्डा भरला की बुजवायचा आणि शेजारी दुसरा खणायचा. पुढे जागेची चणचण भासली की जुना खड्डा उकरून हाडं बाहेर काढायची आणि भिंतीलगतच्या ओवऱ्यांच्या माळ्यावर नेऊन टाकायची. त्याच ओवऱ्यांत खाली दुकानं चालत, लोकांची पत्रं लिहून देणारे लेखनिक बसत. एका भिंतीवर 1424-25 मध्ये लांबच लांब चित्र रंगवलं होतं. मृत्यू एकेकाचा हात धरून नाचवत नेतो आहे : पोप, सम्राट, व्यापारी, शेतकरी, तान्हं मूल. चित्रात सगळ्यांना एकच न्याय होता, पण त्या भिंतीसमोरच्या जमिनीत कोणाला कुठे पुरायचं हे मात्र पैशावरच ठरत होतं.

1780 मध्ये कबरस्तानालगतच्या गल्लीतल्या एका तळघराची भिंत पलीकडच्या मातीच्या भाराने फुटली आणि भिंतीमागचं सगळं घरात आलं. दुर्गंधीच्या तक्रारी तर कैक वर्षं चालूच होत्या. त्याच साली तिथे पुरणं थांबलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला तेव्हा वेगळंच संकट होतं. ज्या चुनखडीच्या दगडाने पॅरिस उभं राहिलं तो दगड पायाखालूनच काढलेला होता आणि वस्ती त्या पोकळीवर पसरत गेली होती. 1774 मध्ये एक अख्खा रस्ता खचला. 1777 मध्ये सोळाव्या लुईने खाणींवर देखरेख ठेवणारं खातं काढलं आणि शार्ल-आक्सेल गियोमो या वास्तुविशारदाला त्याचा प्रमुख नेमलं. खाली रिकाम्या खाणी होत्या आणि वर भरून वाहणारं कबरस्तान होतं. 1785 मध्ये हाडं हलवायचा निर्णय झाला. 7 एप्रिल 1786 रोजी खाणींचा तो भाग धर्मविधी करून पवित्र करण्यात आला. हाडांच्या गाड्या रात्री निघत. गाड्यांवर काळं कापड टाकलेलं असे आणि सोबत पाद्री मृतांसाठीच्या प्रार्थना म्हणत चालत. पुढची सत्तरेक वर्षं शहरातली इतर कबरस्तानं मोकळी होत गेली तशी तिथलीही हाडं इथेच आली.

हे काम निव्वळ साफसफाई म्हणून उरकता आलं असतं. सरकारच्या लेखी तो आरोग्याचा आणि जमिनीचा प्रश्न होता. मेलेल्यांपैकी बहुतेकांची नावं कोणालाच ठाऊक नव्हती, त्यांच्या वतीने कोणी अर्ज केला नव्हता. तरीही गाड्या झाकल्या गेल्या आणि प्रार्थना म्हटल्या गेल्या. राजेशाहीच्या शेवटच्या वर्षांतल्या त्या प्रशासनाबद्दल वाईट बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण एवढं एक त्यांना सुचलं होतं.

आज आपण पाहतो ती रचना त्यानंतरची. सुरुवातीला हाडं खाणीत नुसती ओतली गेली होती. 1809 पासून खाणींचा मुख्य तपासनीस असलेल्या एरिकार द थ्युरीने ती लावून घेतली आणि लोकांना पाहायला परवानगी दिली. गावाकडे पावसाळ्याआधी पडवीत सरपण रचतात तशी मांडीची आणि नडगीची हाडं आडवी, टोकं बाहेर करून एकावर एक चढवली आहेत. मधूनमधून कवट्यांची ओळ जाते. कुठे कवट्यांचा क्रूस केला आहे, कुठे एका खांबाभोवती हाडांचं पिंप उभं केलं आहे. दगडी पाट्यांवर कोणत्या कबरस्तानातली हाडं कोणत्या साली, कोणत्या महिन्यात आणली ते लिहिलेलं आहे. पाटी एवढंच सांगते. माणसाचं नाव कुठेच नाही.

एके ठिकाणी रचलेली भिंत थोडी खाली बसली आहे. तिच्यावरून पलीकडे पाहिलं तर कळतं की ही नेटकी भिंत म्हणजे फक्त दर्शनी भाग आहे. तिच्यामागे आत दूरवर बरगड्या, मणके, खुब्याची हाडं, लहान मुलांची बोटभर हाडं, सगळं एकमेकांत मिसळून पडलं आहे. जे रचायला सोयीचं होतं ते पुढे आलं आणि उरलेलं माणूस मागे गेलं. एकाच बाईची कवटी या भिंतीत, मांडीचं हाड त्या भिंतीत आणि हाताची बोटं मागच्या ढिगात असतील. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. सजावट सुंदर आहे असं मला म्हणवलं नाही, आणि कुरूप आहे असंही म्हणवलं नाही.

सोबत आत्या होती. सत्तरी ओलांडलेली, गुडघे सांभाळत उतरलेली. त्या दगडी चौकटीपाशी तिने सवयीने चपला काढायला पाय उचलला. जमीन ओली होती, छतातून पाणी ठिबकत होतं, म्हणून मी तिला थांबवलं. तिने हात जोडले आणि विचारलं, “यांचं कोणी केलं नाही का गं?” मी तिला पाद्र्यांचं आणि गाड्यांचं सांगितलं. “मग बरं झालं,” म्हणाली आणि पुढे चालू लागली. आमच्यापुढे दोन तरुण होते. त्यांतला एक कवट्यांच्या ओळीशेजारी स्वतःचं डोकं नेमकं त्याच उंचीवर आणून जीभ बाहेर काढत होता, दुसरा फोटो घेत होता. नीट आला नाही म्हणून पुन्हा, मग जागा बदलून पुन्हा. त्या मुलांच्या मनात दुष्टपणा होता असं मला वाटत नाही. तिकीट, रांग, कानाला लावायचा ऑडिओ गाइड, शेवटी भेटवस्तूंचं दुकान. एखाद्या करमणुकीच्या ठिकाणी जे जे असतं ते सगळं त्यांना मिळालं होतं. मग ते तसेच वागले. फोटो काढायला तिथे परवानगी आहे. फ्लॅश आणि ट्रायपॉड वापरायचा नाही आणि हाडांना हात लावायचा नाही, एवढीच अट.

आता याच देशाचा कायदा पाहा. फ्रान्सच्या नागरी संहितेत डिसेंबर 2008 मध्ये एक कलम घातलं गेलं : मानवी देहाला द्यायचा आदर मृत्यूबरोबर संपत नाही, आणि मृतांचे अवशेष आदराने, सन्मानाने, सभ्यतेने हाताळले पाहिजेत. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये खरी, रसायनं भरून टिकवलेली प्रेतं मांडणारं एक प्रदर्शन कोर्टाने बंद पाडलं. 2010 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला आणि धंद्यासाठी प्रेतं मांडणं या कलमात बसत नाही असं स्पष्ट म्हटलं. भुयारातल्या हाडांची गोष्ट वेगळी आहे हे मान्य. ती दोन शतकांपूर्वीची व्यवस्था आहे, जागा शहराच्या मालकीची आहे, ती संग्रहालय म्हणून चालते. पण 2015 मध्ये हॅलोविनच्या रात्री याच भुयारात पलंग मांडून, स्पर्धेतल्या विजेत्याला तिथे झोपवण्याचा कार्यक्रम एअरबीएनबी या, प्रवाशांना भाड्याने घरं मिळवून देणाऱ्या कंपनीने केला आणि शहराने त्यासाठी पैसे घेऊन जागा दिली. सन्मान आणि सभ्यता हे शब्द कायद्यात येऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

ज्यांच्यामागे कोणी उभं राहिलं त्या हाडांचं काय झालं तेही याच शहरात दिसतं. सारा बार्टमन ही दक्षिण आफ्रिकेतली खोइखोइ स्त्री. तिला जिवंतपणी युरोपात तमाशासारखं फिरवलं आणि मेल्यावर तिचा सांगाडा पॅरिसच्या संग्रहालयात 1974 पर्यंत लोकांसमोर ठेवला. नेल्सन मंडेलांनी तिला परत मागितलं. 2002 मध्ये फ्रान्सने खास कायदा केला आणि ती मायदेशी जाऊन मातीत विसावली. न्यूझीलंडच्या माओरींनी आपल्या पूर्वजांची मस्तकं मागितली, ती 2012 मध्ये परत गेली. अल्जीरियाने फ्रेंच सत्तेविरुद्ध लढलेल्यांच्या कवट्या मागितल्या, जुलै 2020 मध्ये चोवीस कवट्या दिल्या गेल्या. 2023 च्या डिसेंबरात अशा परतीसाठी सरसकट कायदा झाला आणि ऑगस्ट 2025 मध्ये मादागास्करच्या साकालावा लोकांना, 1897 मध्ये मारल्या गेलेल्या राजा तोएराची मानली जाणारी कवटी आणि आणखी दोन कवट्या सुपूर्द करण्यात आल्या. प्रत्येक वेळी एखादं राष्ट्र, एखादी जमात पुढे झाली आणि ‘हे आमचे’ म्हणाली. पॅरिसच्या खड्ड्यांत गेलेल्या मोलकरणी, हमाल, पखालवाले आणि साथीत गेलेली पोरं यांना तसं म्हणणारं कोण? त्यांचे वंशज असणारच. सगळं शहरच कमीअधिक त्यांचं वंशज आहे. म्हणून तर कोणा एकाला पुढे येऊन दावा करता येत नाही.

हे फक्त फ्रान्सचं दुखणं समजून तिकडे बोट दाखवणं मला पटणार नाही, कारण आपल्याकडेही मेलेल्याची पत त्याच्यामागे उभ्या राहणाऱ्यावरच ठरते. मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी समाजाचे दख्मे, म्हणजे प्रेतं उघड्यावर ठेवायचे गोल मनोरे, आहेत. दख्म्याच्या मधोमध विहिरीसारखा खड्डा असतो आणि शेटजींची असोत की नोकराची, सगळ्यांची हाडं शेवटी त्याच एका खड्ड्यात जातात. म्हणजे मुंबईच्या ऐन महागड्या टेकडीवर एक अस्थिकोश आहे, आणि तो पाहायला कोणी तिकीट मागत नाही. आत फक्त खांदिये जातात. घरच्यांनाही आत प्रवेश नाही. गेली तीनशेहून जास्त वर्षं शहराने ही मर्यादा पाळली, कारण ती राखणारा समाज लहान असला तरी जिवंत आणि जागा आहे.

आता दुसरं टोक. 1949 चा मुंबई शरीरशास्त्र कायदा म्हणतो की सरकारी दवाखान्यात किंवा रस्त्यावर मेलेल्या माणसाचा ताबा घ्यायला कोणी आलं नाही, तर ते शरीर वैद्यकीय महाविद्यालयाला देता येतं. त्यावाचून डॉक्टर तयार झाले नसते, हे मला पूर्ण मान्य आहे. पण एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला होस्टेलच्या खाटेखाली ‘बोन सेट’ असायचा, सीनियरकडून निम्म्या किमतीत घेतलेला, तो कोणाचा, हा प्रश्न आपल्या घरांतून किती वेळा विचारला गेला? आणि 1985 मध्ये सरकारने बंदी घालेपर्यंत पाश्चात्य देशांतल्या महाविद्यालयांना सांगाडे पुरवणारा सर्वांत मोठा देश भारत होता. कलकत्त्यात तो मोठा व्यापार होता. त्यातही बेवारसच होते. आता चांगली गोष्ट अशी की अनेक महाविद्यालयांत विच्छेदनाच्या पहिल्या दिवशी विद्यार्थी शपथ घेतात, समोरच्या देहाला पहिला गुरू मानतात, फोटो काढणार नाही असं कबूल करतात. अठरा वर्षांच्या मुलांना हे समजतं आणि ते पाळतातही. मग सहलीला आलेल्या प्रौढ माणसाला ते समजणार नाही असं गृहीत का धरायचं?

जुन्या गोव्यातलंही एक उदाहरण आठवतं. जॉर्जियाची राणी केतेवान 1624 मध्ये इराणात शिराझला मारली गेली आणि ऑगस्टिनियन साधूंनी तिचे काही अवशेष गोव्याला आणले. जॉर्जियाने अनेक वर्षं पाठपुरावा केला. सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मठात उत्खननात एक हाड सापडलं, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली आणि 2021 मध्ये भारताने अवशेष जॉर्जियाला दिले. तिकडे त्यांचं स्वागत कसं झालं याची छायाचित्रं पाहून मला भरून आलं. एका हाडासाठी एक देश एवढा धडपडला, आणि हाड राणीचं होतं हे विसरायचं कारण नाही. 2024 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये एका नागा पूर्वजाची कवटी लिलावात निघाली होती. नागालँडमधून जोरदार आवाज उठला आणि ती मागे घेतली गेली. आवाज उठतो तिथे काम होतं हे इथेही दिसलं.

माझ्याविरुद्धचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की हाडांचं दर्शन युरोपात नवीन नाही, सेंत-इनोसाँच्या ओवऱ्यांतही ती लोकांच्या डोळ्यांसमोरच होती. बरोबर, आणि म्हणूनच मी भुयार बंद करा म्हणत नाही. पण त्या ओवऱ्यांखालून जाणाऱ्या माणसाला वर आपला आजा आहे आणि उद्या आपणही तिथेच जाणार हे माहीत होतं. आज तिथे येणारा तसा नात्याने येत नाही, म्हणून त्याला नियमाची गरज आहे. दुसरा आक्षेप पैशाचा. एवढ्या खोल, ओल्या जागेची देखभाल फुकट होत नाही, खरं आहे. तिकीट राहू द्या. मात्र गर्दीच जागेला मारते आहे हेही पाहा. माणसांच्या श्वासाने आणि अंगाच्या उबेने हवेतला दमटपणा बदलतो, त्याचा हाडांवर परिणाम होतो. हवा खेळती राखण्याची यंत्रणा आणि वीज यांच्या कामासाठी 2025 च्या नोव्हेंबरपासून भुयार काही महिने बंद ठेवावं लागलं, ते उगाच नव्हे. एका वेळी दोनशे माणसं ही मर्यादा सुरक्षिततेच्या हिशोबाने घातलेली आहे. शांततेच्या हिशोबाने ती शंभरही जास्त वाटेल.

तिसरा आक्षेप सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत वाईट : मेलेल्यांना काय कळतंय? त्यांना कळत नाही म्हणून तर जबाबदारी आपल्यावर येते. ज्याला बोलता येत नाही, ज्याच्यामागे कोणी नाही, त्याच्याशी समाज कसा वागतो यावर माझा त्या समाजावरचा विश्वास ठरतो, कारण कधी ना कधी मीही तशीच दुसऱ्याच्या हाती असणार आहे. नाशिकला रामकुंडावर अस्थी सोडताना पुरोहिताला, नावाड्याला, शेजारी उभ्या अनोळखी माणसाला आपण जो विश्वास देतो तो हाच.

आणि फोटोबंदी अशक्य आहे असं कोणी म्हणत असेल तर त्याने चेक प्रजासत्ताकातल्या सेडलेत्सकडे पाहावं. कुत्ना होरा शहराच्या या उपनगरात हाडांनी सजवलेलं छोटं चर्च आहे. फ्रांतिशेक रिन्ट या लाकूडकोरीव काम करणाऱ्या कारागिराने 1870 मध्ये तिथे हाडांचं झुंबर केलं. जग तिथे फोटोसाठीच जात होतं. लोक कवट्यांशी चाळे करू लागले तेव्हा चर्चने 2020 पासून, आधी परवानगी घेतल्याखेरीज फोटो काढायला मनाई केली. ती एका छोट्या चर्चची व्यवस्था, तिच्यापाशी पॅरिससारखी महापालिका नाही की माणूसबळ नाही. पॅरिसला तर नुसता नियम छापायचा आहे आणि फोन पेटीत ठेवून घ्यायला दाराशी चार माणसं उभी करायची आहेत.

आपल्याकडच्या सहल कंपन्यांनीही त्यांच्या पत्रकांत ‘थरारक’, ‘भीतिदायक’ असली विशेषणं लावून हे भुयार विकणं थांबवावं. सोबतचा टूर मॅनेजर पायऱ्या उतरण्यापूर्वी दोन मिनिटं सांगू शकतो की ही हाडं बहुतांशी या शहरातल्या साध्या, गरीब लोकांची आहेत, ती कोणी आणि कशी आणली, आणि आत फोन खिशात राहू द्या. मनाईमुळे काही लोक यायचे थांबतील, तिकिटं कमी खपतील, अशी शहराला भीती असेल तर ती खरी ठरो. शंभर माणसं आत सोडायची म्हटल्यावर रांग लहान झालेलीच बरी.